वारीत चालायचं असेल तर एक कॅमेरा, एक लेन्स. बास!

पडशीबहाद्दर

आळंदी ते पंढरपूर दोनदा चाललो, दोन्ही वेळा कॅमेरा घेऊन. पहिल्या खेपेला पाठीवर दोन कॅमेरा बॉडी, १६-३५, २४-७०, ७०-२०० अशा तीन झूम लेन्सा (आकडे एमएमचे; जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं), ट्रायपॉड आणि वर लॅपटॉप. घरच्या काट्यावर सव्वासात किलो भरलं तेव्हा मान ताठ झाली होती. पुणे-सासवड टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवेघाट. वडकीला विसाव्यात बूट काढले तर दोन्ही टाचांना फोड. शेजारी भाकरी खात बसलेले एक काका बॅगेकडे बघून म्हणाले, "माउली, पंढरपुरात दुकान टाकायचंय का?"

सासवडपासून बॅग दिंडीच्या ट्रकात टाकली. पण ट्रक आपल्यासोबत चालत नाही, तो परस्पर पुढच्या मुक्कामाला जाऊन थांबतो. जेजुरीत भंडारा उधळला जात होता तेव्हा माझ्या लेन्सा ट्रकात, पुढच्या तळावर. जे खांद्यावर नाही ते दिवसभर नाहीच.

दुसऱ्या खेपेला क्रॉप म्हणजे लहान सेन्सरची एक छोटी बॉडी, झूम नसलेली २३ एमएमची लेन्स (फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशेबात ३५), दोन जादा बॅटऱ्या, दोन कार्डं आणि दुधाची एक रिकामी पिशवी पावसासाठी. फोटो कमी काढले, पण बरे आले. कारण सोपं आहे. झूम असली की माणूस जागेवरून हलत नाही. ३५ ने फोटो हवा तर चार पावलं जवळ जावं लागतं, "रामकृष्ण हरी" म्हणावं लागतं, मग भाकरीचा तुकडाही हातावर पडतो.

माझं मत: वारीला झूम नेणारा वारी बघायला जातो, चालायला नाही. करा हल्ला.

रिंगणकर

करतोच. साफ असहमत.

पुरंदवड्याचं गोल रिंगण घ्या. मध्ये पालखी, भोवती पताका आणि टाळकरी, आणि मोकळ्या सोडलेल्या वाटेवरून दोन अश्व सुटतात. एकावर स्वार, दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. हा सगळा खेळ काही मिनिटांचा. तुम्ही कडेला, दहा रांगांच्या मागे. ३५ ने घोडे शेळीएवढेसुद्धा येत नाहीत. आता तुमचं "चार पावलं पुढे जा" इथे लावून दाखवा. चार पावलं पुढे रिंगण आहे! दरवर्षी असे पुढे गेलेले फोटोवाले चोपदारांच्या शिव्या खातात आणि अश्वांची वाट अडवतात.

७०-२०० जड आहे, दीड किलोच्या आसपास. पण ती लेन्स मला माझ्या जागी उभं ठेवते. तुम्ही ज्याला आळस म्हणता त्याला मी अदब म्हणतो.

खटपट्या

रिंगणकरांना +१, आणि एक हिशेब. कोणीतरी "३५ ने काढा, मग क्रॉप करा" म्हणणारच, म्हणून आधीच. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून २०० एमएमएवढा तुकडा कापला तर पाऊण मेगापिक्सेलसुद्धा उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला पुरेल.

तरीही माझं मत दोघांच्या मधलं आहे: १८-१४०, एकच लेन्स, कॅमेऱ्यावरून काढायचीच नाही. लेन्स बदलायची सवय वारीत महागात पडते. जेजुरीत मी ती चूक केली. वर भंडारा उडतोय आणि खाली मी बॉडी उघडी ठेवून बॅगेत दुसरी लेन्स शोधतोय. सेन्सरवर हळदीचे ठिपके! पुढे तरडगाव, फलटण, माळशिरस, सगळ्या आभाळांवर पिवळी देवी आल्यासारखे डाग. घरी येऊन साफ करून घेतला तर तो माणूस म्हणाला, कॅमेऱ्याचं लग्न होतं का?

आणखी एक. आषाढात ओल्या बॅगेत लेन्स तीन आठवडे कोंडून ठेवली तर आत बुरशी धरते. जितक्या लेन्सा, तितकी ही काळजी. सिलिका जेलच्या पुड्या न्याव्यात, वजन नाही त्यांना.

जुना फिल्मवाला

फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ जन्मभर बहुतेक काम ५० एमएमवर करत आला. तुमच्या १८-१४० चं काय घेऊन बसलात?

खटपट्या

काका, ब्रेसाँला दुसऱ्या दिवशी पहाटे तळ सोडून वीस किलोमीटर पावसात चालायचं नव्हतं. :)

जुना फिल्मवाला

मग त्याला तर १८-१४० परवडली असती. तरी त्याने ५० च ठेवली. विचार करा.

(चेष्टा सोडा. आमच्या वेळी छत्तीसचा रोल असायचा आणि अख्ख्या वारीला पाच रोल. दिवसाला दहा फोटोसुद्धा वाट्याला येत नसत. वजन लेन्सचं नसतं हो, निवड न करण्याचं असतं. अनलिमिटेड कार्ड हे सगळ्यात जड सामान.)

विठाई_सोलापूर

मी फोटोवाली नाही. सासूबाईंबरोबर पाच वर्षं दिंडीत चालते, रथामागच्या. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

रिंगणकर, तुमची अदब रिंगणात असेल. नीरा स्नानाच्या दिवशी काठावर या. पादुकांना स्नान होतं, आणि अलीकडे पलीकडे हजारो बायका अंघोळी करत असतात. आडोसा म्हणजे एकमेकींनी धरलेलं लुगडं. आणि पुलावर काय, तर तुमच्या त्या लांब नळ्या. कोण काय टिपतंय ते कळत नाही. ओरडावं तर कोणावर, माणूस शंभर फुटांवर.

पडशीबहाद्दर, तुम्हीही हुरळून जाऊ नका. जवळून काढणारे काही कमी त्रास देत नाहीत. अभंग रंगात आलेला असतो आणि विणेकऱ्याच्या नाकापुढे वीतभर अंतरावर कॅमेरा. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला "मावशी, जरा परत चाला ना तिथून" असं सांगणारा मी पाहिलाय. ती परत चाललीही, बिचारी. मागची ओळ तिच्यावर आदळली.

लेन्स लांब की आखूड, याच्याशी आमचं देणंघेणं नाही.

रिंगणकर

ताई, नीरेचं मान्य. मी तिथे कॅमेरा बॅगेत ठेवतो. पण सगळे ठेवत नाहीत हेही खरं. लेन्सला दोष देऊन पडशीबहाद्दर जे सुटू पाहतात, ते मात्र मला मान्य नाही.

मोबाईलच_बरा

एवढी चर्चा कशाला? खिशात फोन आहे. तीन लेन्सा त्यातच, वजन दोनशे ग्रॅम.

खटपट्या

पहिल्या वर्षी फोनच नेला होता. दुपारी तीनला पंधरा टक्के. मुक्कामाला चार्जिंगची रांग, टपरीवर एका बोर्डाला चाळीस फोन, आणि आपला त्यातला कोणता हे शोधायला बॅटरी! शिवाय ज्या फोनने फोटो काढायचे त्यानेच हरवलेल्या आत्याला शोधायचं असतं. गर्दीत नेटवर्क नाही ते वेगळंच. फोन न्या, पण पॉवर बँक धरून वजन सांगा.

पडशीबहाद्दर

सगळ्यांना एकत्र उत्तर.

रिंगणकर, रिंगणाचा मुद्दा मानला, तिथे माझी ३५ हरते. पण माझं म्हणणं असं की हरू द्या. दुसऱ्या वर्षी घोडे मिळणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून पाठ फिरवली आणि घोडे गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावणाऱ्या माणसांचे फोटो काढले. २०० हातात असती तर मी घोड्यांच्या मागेच राहिलो असतो. दिवेघाटातल्या त्या नागमोडी गर्दीच्या फोटोचंही तेच. छान असतो, पण तो दरवर्षी शंभर जण त्याच वळणावर उभे राहून काढतात. एकशे एकावा मी कशाला?

विठाईताई, दुसऱ्यांदा चालायला लावणाऱ्यांचं ऐकून वाईट वाटलं. मी निदान विचारून काढतो. बसतो, बोलतो, मग कॅमेरा. "फोटो पाठवतो" म्हणून गावाचं नावही लिहून घेतो.

रिंगणकर

"हरू द्या" हे वर्तमानपत्रासाठी काम करणाऱ्याला म्हणता येत नाही, पण तुम्ही हौशी आहात, तुम्हाला शोभतं. टापांखालच्या मातीचा फोटो इथे डकवा, बघू तरी.

विठाई_सोलापूर

लिहून घेता ते ठीक. पाठवलेत का?

पडशीबहाद्दर

कोणते?

विठाई_सोलापूर

ते "पाठवतो" म्हणालेले फोटो. विचारते कारण आमच्या सासूबाईंचा फोटो बरडच्या मुक्कामात एका मुलाने असाच बसून, बोलून, चहा पिऊन काढला. चार वर्षं झाली. पोस्टमन आला की अजून विचारतात, पंढरीचं काही आलंय का.

पडशीबहाद्दर

ताई, खोटं नाही बोलत. वहीत चौदा नावं होती. तिघांना पाठवले. उरलेल्यांचा गावाच्या नावापलीकडे पत्ता नाही, एकाचा फोन लागत नाही आणि बाकीचं "पुढच्या आठवड्यात" करत राहिलं.

खटपट्या

खिशात मावणारे छोटे प्रिंटर मिळतात. कागदासकट पाव किलोच्या आसपास. तिथल्या तिथे हातात फोटो.

जुना फिल्मवाला

म्हणजे पाव किलो वाढलं. धाग्याचं शीर्षक बदला.

पडशीबहाद्दर

बदलत नाही. पण प्रिंटर चार्ज कशावर होतो तेवढं सांगा. आणि विठाईताई, सासूबाईंचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बरडच्या मुक्कामाला त्या वर्षी मी नव्हतो, पण या वर्षी तुमची दिंडी रथामागे कितवी आहे?