स्टॅफ ऑरियसच्या रिपोर्टवर व्हॅन्कोमायसिनची डिस्क: बंदच करा

कोथरूड, मायक्रोबायोलॉजी
स्टॅफ ऑरियस या जंतूच्या प्लेटवर अँटिबायोटिकची डिस्क (औषध मुरवलेली कागदी चकती) लावून ‘व्हॅन्कोमायसिन सेन्सिटिव्ह’, म्हणजे औषध लागू पडेल, असं लिहिणं जिथे अजून चालतं, तिथे ते आजच थांबायला हवं. हा रेणू मोठा, अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) सावकाश पसरतो. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा, मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये. २ एमआयसीचा सेन्सिटिव्ह स्ट्रेन (जंतूचा वाण) आणि ४ चा इंटरमीडिएट (औषधाला कमी दाद देणारा), दोघांचे झोन, म्हणजे डिस्कभोवतीची जंतू न उगवलेली वर्तुळं, सारखेच दिसतात. त्यासाठी एमआयसीच काढावी लागते. रिपोर्टवरच्या त्या ‘एस’वर (सेन्सिटिव्ह) विसंबून रक्तातल्या संसर्गाचा पेशंट आठवडाभर चुकीच्या औषधावर राहू शकतो.

हडपसर, छोट्या हॉस्पिटलची लॅब
पटत नाही. महिन्याला चार-पाच स्टॅफ येतात तिथे एमआयसी काढायची मायक्रोडायल्यूशनची पॅनेलं पडून एक्स्पायर होणार. व्हॅन्कोमायसिनचा रकाना कोरा ठेवलात तर डॉक्टर सरळ लिनेझोलिड हे दुसरं अँटिबायोटिक लिहितील, आणि ते दोन आठवड्यांपुढे गेलं की प्लेटलेट घसरायची भीती. खरी चूक एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस) ओळखण्यात होते, तिकडे आधी बघा. त्यासाठी ३० मायक्रोग्रॅमची सेफॉक्सिटिन डिस्क, ०.५ मॅकफार्लंडचं (ठरावीक गढूळपणाचं) जंतूंचं सस्पेन्शन पंधरा मिनिटांच्या आत म्युलर-हिंटन अगारवर, अगारची जाडी ४ मिमी. झोन २१ मिमी किंवा कमी म्हणजे एमआरएसए. इन्क्युबेटर ३५ अंशांच्या वर गेला की काही एमआरएसए निसटतात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवून रोज नोंद हवी.

कोथरूड
सेफॉक्सिटिनबद्दल वाद नाहीच. पण एक चूक होते म्हणून दुसरी चालवून घ्यायची का? ब्रेन हार्ट इन्फ्युजन अगारमध्ये मिलिलिटरला ६ मायक्रोग्रॅम व्हॅन्कोमायसिन घाला, त्याच सस्पेन्शनचा १० मायक्रोलिटरचा थेंब टाका, पूर्ण २४ तास ठेवा. एकाहून जास्त कॉलनी उगवल्या तर व्हॅन्कोमायसिनला कमी दाद देणारा म्हणून संशयित. सोबत तपासणी बरोबर चालतेय हे पाहायला एन्टेरोकोकस फीकॅलिस एटीसीसी २९२१२ हा प्रमाणित स्ट्रेन लावा, तो उगवता कामा नये. याला पॅनेल लागत नाही.

शिवाजीनगर, संसर्ग नियंत्रण
या ६ मायक्रोग्रॅमच्या स्क्रीन प्लेटवर ४ एमआयसीचे सगळे स्ट्रेन उगवत नाहीत, त्यामुळे कोरी प्लेट म्हणजे ‘सेन्सिटिव्ह’ असं लिहू नका. रक्तातून आलेला प्रत्येक एमआरएसए एमआयसीसाठी मोठ्या लॅबला पाठवा. पू आणि जखमेच्या नमुन्यांना एवढा खटाटोप नको; तिथे क्लिंडामायसिन उपयोगी, फक्त एरिथ्रोमायसिनच्या डिस्कपासून १५ ते २६ मिमीवर लावून डी-टेस्ट बघा. क्लिंडामायसिनचा झोन एरिथ्रोमायसिनच्या बाजूने इंग्रजी ‘डी’सारखा चपटा दिसला की क्लिंडामायसिन रेझिस्टंट (लागू पडत नाही) लिहायचं.

हडपसर
रक्ताचे नमुने पाठवायला तयार आहे. पण उत्तर येईपर्यंतचे दोन दिवस रिपोर्टवर ‘एमआयसी प्रलंबित’ असं स्पष्ट छापा, रकाना कोरा सोडू नका.