मदत हवी आहे: आईच्या कृत्रिम गुडघ्यात इन्फेक्शन आहे का, कसं कळणार?

आईचा गुडघा बदलून 14 महिने झाले, आता परत दुखायला लागलाय, रात्री झोपेतसुद्धा, हाताला गरम लागतो पण ताप अजिबात नाही. रक्तात सूज दाखवणाऱ्या टेस्ट: सीआरपी 24, ईएसआर 52, दोन्ही वाढलेले; एक्सरे नॉर्मल. एका डॉक्टरांनी लगेच अँटिबायोटिक लिहून दिलं, दुसरे म्हणतात थांबा, आधी सांध्यातलं पाणी सुईने काढून पेशी मोजू आणि कल्चर (जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट) लावू, गोळ्या आधी घेतल्या तर जंतू असूनही कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं. मला हेच पटतंय, गोळ्या अजून दिल्या नाहीत. कल्चर 14 दिवस ठेवायचं म्हणे, काही जंतू फार हळू वाढतात. कोणाच्या घरी असं झालंय का? पहिलं कल्चर निगेटिव्ह आल्यावर तुम्ही काय केलं, परत पाणी काढलं की अल्फा डिफेन्सिन टेस्ट (सांध्यातल्या पाण्यावरून इन्फेक्शन ओळखायची) केली? प्लीज सांगा, तिचे हाल बघवत नाहीत.