फोरप्लेची एकच सीडी घ्यायची, कुठली घेऊ?

वसईचा_वारा: नमस्कार मंडळी. गाडीत जुना सीडी प्लेयर आहे आणि घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून सीडीच हवी आहे. मित्राच्या घरी फोरप्ले या जॅझ बँडचं 'बाली रन' ऐकलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. बजेट 1,000 रुपये, त्यात एकच अल्बम. जॅझमधलं मला फारसं कळत नाही, चर्चच्या क्वायरमध्ये गातो एवढंच. या लोकांचे गिटारवाले बदलत गेले म्हणतात, मग नेमका कुठला काळ घ्यावा?

कान_शाबूत: 'बाली रन' आवडलं ना? मग विचार कसला करतोस, 1991 चा पहिला 'फोरप्ले' घे. बॉब जेम्सच्या 1990 च्या 'ग्रँड पियानो कॅन्यन'साठी हे चौघे एकत्र आले: जेम्स पियानोवर, ली रिटनॉर गिटारवर, नेथन ईस्ट बेसवर, हार्वी मेसन ड्रम्सवर. तिथे इतकं जुळलं की बँडच झाला. त्याच अल्बमवर एल डीबार्जने गायलेलं मार्विन गेचं 'आफ्टर द डान्स' आहे. माझ्याकडे त्याची जपानी सीडी आहे. महाग पडली, पण आवाज असा की बोट तारेवरून घसरलेलं ऐकू येतं. जपानीच घे.

बेस_आधी: सगळे गिटारवाल्यांवरच बोलतात. अरे, या बँडचा कणा नेथन ईस्ट आहे! डाफ्ट पंकच्या 2013 च्या 'गेट लकी' गाण्यावरचा बेससुद्धा त्याचाच. तू 'बिटवीन द शीट्स' (1993) घे आणि त्यातलं 'चांट' लाव. पण गाडीतले स्पीकर मूळचेच असतील तर काही उपयोग नाही. आधी दारातले स्पीकर बदल आणि डिकीत सबवूफर टाक. मी टाकलाय, आता सिग्नलला शेजारचे लोक काच खाली करून विचारतात कुठलं गाणं आहे.

वसईचा_वारा: दादा, बजेट 1,000 आहे, सीडीसकट.

पुणेरी_पिकअप: रिटनॉर उत्तमच, वाद नाही. पण त्याच्या जागी लॅरी कार्लटन आला आणि बँडला श्वास मिळाला. 1998 चा '4' ऐका. रिटनॉर वाक्य सफाईने पूर्ण करतो. कार्लटन एक सूर दाबून, किंचित ताणून थांबतो आणि बाकीच्या तिघांना बोलू देतो. 1988 मध्ये गळ्यात गोळी लागलेला माणूस आहे हा, त्यातून उठून पुन्हा वाजवायला लागला. फक्त 'स्नोबाउंड' (1999) चुकून उचलू नका. ती नाताळची सीडी आहे, वर्षातून एकदा लावायची.

जुना_श्रोता: याला जॅझ म्हणायचं का, हे आधी ठरवा. जोखीम कुठे आहे यात? सगळं गुळगुळीत. हार्वी मेसनच ऐकायचा तर हर्बी हॅनकॉकचा 1973 चा 'हेड हंटर्स' घ्या.

पुणेरी_पिकअप: काका, गुळगुळीत वाजवणं सोपं वाटतं का तुम्हाला? चौघांनी एकमेकांच्या वाटेत न येता वाजवायचं, याला किती संयम लागतो! आणि पोराने 'हेड हंटर्स' विचारलेलंच नाही.

जुना_श्रोता: विचारलं नाही म्हणून चांगलं सांगू नये की काय? संयम आणि धोका, दोन्ही पाहिजे. मी मुंबईच्या ऱ्हिदम हाऊस या कॅसेट-सीडीच्या दुकानात उभं राहून ऐकत मोठा झालो, 2016 ला बंद झालं ते. आता कोण ऐकवून विकतंय?

कल्याण_स्लो: पहिला अल्बम घे, 1991 चा, त्यात 'बाली रन' आहे. आणि ऑनलाइन मागवताना जपून. मला 'नवीन, सीलबंद' म्हणून एकाने घरी कॉपी केलेली चकती पाठवली, कव्हर रंगीत झेरॉक्स. पैसे परत मिळेपर्यंत जीव गेला. विक्रेत्याकडून चकतीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागव. खालची बाजू निळी-जांभळी दिसली तर घेऊ नकोस.

एडिसनची_मावशी: बाळा, चक लोबला कोणी विचारतच नाहीये इथे. 2010 ते 2017, तो गेला तोपर्यंत, गिटार त्याची होती. 'एस्प्री द फोर' (2012) घे. त्यात जपानच्या 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर केलेलं गाणं आहे, सेइको मात्सुदाने गायलेलं. मी लोबला प्रत्यक्ष ऐकलंय, इतका प्रसन्न वादक! आणखी एक, 'बेस्ट ऑफ' दिसली तर लगेच भुलू नकोस. ती 1997 ची आहे, म्हणजे फक्त रिटनॉरचा काळ. कार्लटन आणि लोब त्यात नाहीत. तिन्ही गिटारवाले एकत्र हवे असतील तर 2015 चा 'सिल्व्हर' आहे, त्यात दोघे जुने पाहुणे म्हणून आले.

बेस_आधी: मावशी, 'बेस्ट ऑफ'चं बरोबर बोललात. तरीही 'बिटवीन द शीट्स'. आणि सबवूफर.

कान_शाबूत: 'एलिक्झर' (1995) राहिलाच की! त्यावर फिल कॉलिन्स गातो. पण एकच घ्यायची तर पहिलीच.

वसईचा_वारा: सगळ्यांचे मनापासून आभार. कल्याणकर, फोटो मागवला, खालची बाजू चंदेरी आहे, म्हणून आजच ऑर्डर टाकली. सेकंडहँड, पोस्टेज धरून 1,000 च्या आत. 'स्नोबाउंड' घेतोय. पुणेरी दादा, रागावू नका. नाताळच्या चाली मी लहानपणापासून गातोय, त्यातला प्रत्येक वळसा तोंडपाठ आहे. ओळखीच्या चालीत कार्लटनने सूर कुठे अडवला, जेम्सने खालचा कॉर्ड कुठे बदलला, हे मला लगेच पकडता येईल. अनोळखी अल्बममध्ये चाल कुठली आणि यांनी केलेली करामत कुठली, ते मला अजून वेगळं करता येत नाही. आणि आमच्याकडे क्वायरच्या तालमी नाताळच्या बऱ्याच आधी सुरू होतात, म्हणजे वर्षातून एकदाच लागेल असंही नाही.

पुणेरी_पिकअप: मे महिन्यात नाताळ? पण कार्लटन आहे, तेवढं पुरे. शीर्षकाचं गाणं आधी लाव, ते स्टीली डॅन या अमेरिकन रॉक बँडच्या फेगन-बेकर जोडीचं आहे. स्टीली डॅनच्या 'किड शार्लमेन'मधला सोलो याच कार्लटनचा.

जुना_श्रोता: तो सोलो मात्र मानतो.

बेस_आधी: स्पीकरचं काय ठरलं?