विषय: नागपुरातल्या आपल्या कबरींवर काय ठेवावं, काय नाही

प्रेषक: मंडळाची सभासद, लेस्टर

नमस्कार मंडळी,
आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आईवडिलांच्या कबरी नागपुरात आहेत. २ नोव्हेंबर या मृतांच्या स्मरणदिनाच्या आधी इथून सोलर दिवे, कापडी फुलं, फोटो असं सामान पाठवायचं चाललंय. तिथल्या कब्रस्तान समितीने नियमांचा मसुदा मागितला आहे. इथे इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात कृत्रिम फुलं, कबरीभोवतीचे कठडे, सुटी खडी यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते. तेच नियम तिकडे पाठवले तर चालतील का?

प्रेषक: समितीचं काम पाहणारा, नागपूर

ताई, जसेच्या तसे नका पाठवू. तिथले नियम थंड हवेचे आणि हिरवळ राखायच्या सोयीचे आहेत. इथे चार महिने पाऊस, मग मे महिन्यात ४५ अंशांच्या वर ऊन, आणि खाली काळी माती. वस्तू किती दिवस टिकते आणि खराब झाली की काय करते, हे पाहून नियम करावा लागतो.

सगळ्यात आधी फुलदाणी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यातून उडता डास तयार होतो. लोक पाणी ओतून देतात आणि काम झालं असं समजतात. पण अंडी पाण्यात तरंगत नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. बारीक काळे ठिपके दिसतात, काजळी उडाल्यासारखे. कोरड्या भांड्यात ती महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून भांडं आतून ब्रशने घासलंच पाहिजे. त्याहून सोपं म्हणजे बुडाला भोक पाडून आत जाड वाळू भरायची, ती ओली करायची आणि देठ त्यात खोचायचे. शेवंती, झेंडू, निशिगंध असे तीन-चार दिवस छान राहतात. मसुद्यात एवढंच लिहा: जून ते नोव्हेंबर उघड्या पाण्याची फुलदाणी नको, वाळूची चालेल. काचेची तर बाराही महिने नको. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी काचेचा तुकडा माणसाच्या पिंडरीपर्यंत उडवते. संगमरवराची सुटी खडी त्याच कारणाने नको.

मेणबत्त्या श्रद्धेच्या आहेत, त्या बंद करा असं कोणी म्हणू नये. पण कबरीच्या दगडावर थेट लावू नयेत. उन्हात काळा ग्रॅनाइट साठ अंशांच्या पुढे तापतो, तेव्हा न पेटवलेली मेणबत्तीही वाकून वितळते आणि मेण दगडाच्या छिद्रांत उतरतं. गरम पाणी ओतलं की ते आणखी खोल जातं. बर्फ ठेवून मेण कडक करायचं आणि लाकडी पट्टीने उचलायचं. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं अ‍ॅसिड संगमरवराला लावायचंच नाही, पॉलिश कायमची जाते. मधल्या मोठ्या क्रूसापाशी वाळू भरलेले लोखंडी ट्रे ठेवले की सगळ्यांची सोय होते. ईस्टरच्या पहाटे गवत वाळलेलं असतं, त्या दिवशी ट्रेच्या बाहेर एकही मेणबत्ती नको आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या हव्यात.

सोलर दिवे पाठवू नका. इथल्या उन्हात त्यांचं प्लास्टिक पिवळं पडून तडकतं, पावसात पाणी आत शिरतं, बॅटरी गंजते आणि तिचा रस दगडावर डाग पाडतो. कापडी फुलांच्या देठातली तार यंत्रात अडकते. थर्मोकोलच्या सजावटीवर तर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे.

प्रेषक: बांधकाम जाणणारा, नागपूर

यात कठड्याचं आणि दगड बसवण्याचं राहिलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बोट जाईल अशा भेगा पडतात. त्यातच कबरीत परत भरलेली माती भुसभुशीत असते, ती पहिल्या पावसाळ्यात खचते. दफनानंतर महिन्याभरात संगमरवर बसवून मागणाऱ्या घरच्यांची घाई समजते, पण तो दगड वर्षभरात तिरका होतोच. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, तोवर मातीचा उंचवटा आणि नावाचा लाकडी क्रूस. मग खचलेला भाग काळ्या मातीने नाही, मुरमाने भरायचा. सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुम्मसाने ठोकलेले. त्यावर आरसीसीचे दोन आडवे बीम, खड्ड्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे फूटभर लांब, म्हणजे वजन न खणलेल्या जमिनीवर येतं. शेजारची कबर इतकी जवळ असेल की हे बसत नाही, तिथे उभी शिळा नको, आडवी पाटी लावा.

उभ्या शिळेला नुसतं सिमेंट पुरत नाही. १२ मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या दोन सळ्या शिळेत आणि बैठकीत चार-चार इंच हव्यात. साधी सळई गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. फोटो भट्टीत भाजलेल्या सिरॅमिक पाटीवरचाच घ्या, लॅमिनेशनमध्ये एका पावसाळ्यात पाणी शिरतं.

प्रेषक: मंडळाची सभासद, लेस्टर

दोघांचे आभार. लहान मुलांच्या कबरींवर खेळणी असतात. ती कोण आणि कशी काढणार? खरा त्रास तिथेच होतो.

प्रेषक: समितीचं काम पाहणारा, नागपूर

बरोबर आहे, आणि यात समितीनेच जपून वागायला हवं. न सांगता काढलेलं खेळणं आईबापांना दुसऱ्यांदा काहीतरी हिरावल्यासारखं लागतं. सुकलेले हार सात दिवसांनी माळी उचलेल, दोरा आणि तार वेगळी करून फुलं कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात जातील. बाकी कोणत्याही वस्तूसाठी आधी फोन, फाटकावर कबर क्रमांकासह १५ दिवसांची सूचना, काढण्यापूर्वी फोटो, मग क्रमांकाची चिठ्ठी लावून कोरड्या खोलीत तीन महिने. परदेशातून कोणी येणार असेल तर ते येईपर्यंत. मृत्यूच्या वर्षदिनाच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस कशालाही हात लावायचा नाही. क्रूस, रोझरी, बायबल कचऱ्यात कधीच जाणार नाही, ते पाळकसाहेबांच्या किंवा फादरच्या हवाली करायचं. कापडी बाहुली पावसात आठवड्याभरात बुरशी धरते, कुत्री ओढून नेतात. तिच्याऐवजी दगडावर छोटं चित्र कोरून घेता येतं, हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

हे सगळं चालायला नोंदवहीत पत्ता हवा. परदेशातल्या प्रत्येक घराने कबर क्रमांक, स्वतःचा ईमेल आणि नागपुरात फोन उचलेल अशा एका नातेवाइकाचा नंबर सप्टेंबरअखेर समितीला कळवावा. सामानासाठी जमवलेल्या पैशांतून आधी वाळूचे ट्रे करून घेऊ.