दोन न्यूजलेटरमधील अॅफिलिएट भागीदारी : होकार देण्याआधी काय ठरवून घ्यावे?

संत्रानगरी (धरमपेठ, नागपूर) यांचा प्रश्न

नमस्कार. विदर्भातील संत्रा बागायतदारांसाठी मी दर आठवड्याला मराठीतून ईमेल न्यूजलेटर पाठवते. आंबिया व मृग बहारांची (संत्र्याच्या फुलोऱ्याच्या दोन हंगामांची) कामे, कळमना बाजारातील भाव आणि रोगनियंत्रण हे त्याचे नेहमीचे विषय असून बहुतेक वाचक काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातील आहेत. फळप्रक्रिया उद्योगावर न्यूजलेटर चालवणाऱ्या पुण्यातील एका गृहस्थांनी मला अॅफिलिएट, म्हणजे विक्रीमागे कमिशन मिळणारी, भागीदारी सुचवली आहे. त्यांच्या सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रमाची मी शिफारस करायची आणि माझ्या लिंकवरून होणाऱ्या प्रत्येक विक्रीवर त्यांनी मला ३० टक्के कमिशन द्यायचे, असा प्रस्ताव आहे. शिवाय दोघांनी आपापल्या ईमेल याद्या एकमेकांना द्याव्यात, असेही त्यांचे म्हणणे आहे. कमिशनचा आकडा आकर्षक असला तरी माझ्या वाचकांचा विश्वास मला त्याहून मोलाचा वाटतो. अशा भागीदारीचा अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

सीताबर्डीकर यांचे उत्तर

ताई, यादीच्या देवाणघेवाणीला स्पष्ट नकार द्या. बाकीच्या गोष्टींवर बोलणी होऊ शकतात, या एका गोष्टीवर नाही. वाचकाने आपला ईमेल पत्ता तुमचे न्यूजलेटर मिळावे एवढ्यासाठीच दिलेला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदाही संमती विशिष्ट हेतूपुरतीच मानतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी मोर्शीच्या बागायतदाराला अनोळखी माणसाचे पत्र आले, तर तो पहिला संशय तुमच्यावरच घेईल.

यात तांत्रिक धोकाही आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले असून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. म्हणजे हजार पत्रांमागे तीन जणांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले, तरी मर्यादा गाठली जाते. उसन्या यादीवर पत्र पाठवल्यास हे सहज घडते आणि त्यानंतर ज्यांनी आपणहून नाव नोंदवले आहे, त्यांच्याही इनबॉक्समध्ये तुमचे पत्र पोहोचेनासे होते.

यादी न देताही दोघांचे वाचक वाढू शकतात. तुम्ही तुमच्या अंकात त्यांच्या न्यूजलेटरची ओळख करून द्यावी, त्यांनी त्यांच्या अंकात तुमची. ज्याला रस वाटेल तो वाचक स्वतः लिंक उघडेल, स्वतः पत्ता भरेल आणि पुष्टीच्या ईमेलवर क्लिक करून नोंदणी पूर्ण करेल. असे वाचक संख्येने थोडे मिळतात, परंतु तेच टिकतात.

इतवारीकर यांचे उत्तर

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. मला कमिशनच्या हिशेबाबद्दल लिहायचे आहे, कारण भागीदारी बहुधा तिथेच बिघडते. ३० टक्के नेमके कशाचे, हे आधी लेखी घ्या. समजा, अभ्यासक्रमाचे शुल्क ४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मूळ शुल्कावर कमिशन १,२०० रुपये होते, एकूण ४,७२० रुपयांवर ते १,४१६ रुपये होते. जीएसटी सरकारकडे जमा होणारी रक्कम असल्यामुळे मूळ शुल्कावर कमिशन घेणेच न्याय्य आहे. मात्र सवलत दिली तर ती कोणाच्या वाट्यातून जाणार, हेही त्याच कागदावर असू द्या. शुल्क परत करण्याची मुदत संपल्यानंतरच कमिशन देय व्हावे, म्हणजे दिलेले पैसे परत मागण्याची वेळ कोणावरच येत नाही.

तुमच्या वाचकांच्या बाबतीत केवळ लिंकवर विसंबू नका. अॅफिलिएट लिंक सामान्यतः ब्राउझरमधील कुकीवर (वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर) चालते आणि सफारीसारखे ब्राउझर काही प्रकारच्या कुकी सात दिवसांत पुसून टाकतात. आपला बागायतदार आज पत्र वाचतो, घरात आणि शेजाऱ्याशी बोलतो, आंबियाचा माल विकून पैसा हातात आला की मगच निर्णय घेतो आणि तोही बहुधा फोन करून यूपीआयने पैसे भरतो. त्या विक्रीत तुमच्या लिंकची नोंदच होणार नाही. म्हणून तुमच्या नावाचा, फोनवरही सांगता येईल असा सोपा मराठी कूपन कोड मागून घ्या आणि त्याची मुदत निदान एक हंगाम तरी ठेवा. पत्र उघडल्याची नोंद त्यातील चित्र उतरवले गेल्यावर होते, पण अॅपल मेल २०२१ पासून गोपनीयतेसाठी पत्रातील चित्रे आपोआप उतरवून घेत असल्यामुळे ‘किती जणांनी पत्र उघडले’ हा आकडाही फसवा ठरतो. हिशेब क्लिक आणि प्रत्यक्ष विक्रीवरच करावा.

महालकर यांचे उत्तर

वाचकाला कमिशनची माहिती देणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यातील आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस प्रामाणिक मतावर आणि पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, अशीही अपेक्षा त्या तत्त्वांत आहे. म्हणून आधी अभ्यासक्रम पूर्ण पाहायला मागा. संत्र्याचा रस काढल्यावर त्यात उतरणारा कडवटपणा, साठवण, अन्नसुरक्षेचा परवाना यांबद्दल त्यात ठोस माहिती नसेल, तर कमिशन कितीही असो, आपल्या वाचकांना तो सुचवू नये.

खुलाशाचे वाक्य पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत न देता लिंकच्या आधी, साध्या मराठीत लिहावे : ‘या लिंकवरून तुम्ही अभ्यासक्रम घेतल्यास मला कमिशन मिळते.’

संत्रानगरी

सर्वांचे मनापासून आभार. यादी देणार नाही, हे आजच कळवते आणि अभ्यासक्रम पाहायला मागते. एकच शंका उरते : पुढे भागीदारी संपली, तर जुन्या अंकांतील लिंकचे काय करायचे?

इतवारीकर

पाठवलेले पत्र बदलता येत नाही, त्यामुळे त्याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी लागते. त्यांची लिंक थेट पत्रात न देता स्वतःच्या डोमेनवर (वेबसाइटच्या नावावर) एक पत्ता तयार करा आणि तो त्यांच्या पानाकडे वळवा. करार संपला की तोच पत्ता तुमच्या एखाद्या लेखाकडे वळवता येतो. लांब लिंक छोटी करून देणाऱ्या फुकटच्या सेवांचा (लिंक-शॉर्टनर) वापर मात्र टाळा. स्पॅम पाठवणारेही त्यांचाच आधार घेत असल्यामुळे असे पत्ते असलेली पत्रे अनेकदा अडवली जातात.