मदत हवी आहे: इन्व्हर्टरवर पीसी दीड तासात बसतो, प्रोसेसर हळू कसा करू?

हापूसवाला (देवगड): पाऊस लागल्यापासून लाइटीचा खेळ चालू आहे. रेंडर (अंतिम चित्र-व्हिडिओ बनवण्याचं काम) लावला की दीड तासात इन्व्हर्टर टूं टूं करतो. वेग कुठून कमी करायचा? शनिवारी काम द्यायचं आहे, लवकर सांगा.

तिरफळ: लॅपटॉप की डेस्कटॉप? प्रोसेसर खंयचो, ता तरी सांग रे. बॅटरी किती एएच (अँपिअर-तास)? इन्व्हर्टरवर आणखी काय आहे?

हापूसवाला: डेस्कटॉपच. प्रोसेसर इंटेल आय७-१२७००. १५० एएच, एकच बॅटरी.

खाडीकाठ: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा वेग) बंद. दोन मिनिटांचं काम.

सुरंगी: ९९ नको! १२७०० चा बेस वेग २.१ गिगाहर्ट्झ आहे, टर्बो ४.९ पर्यंत जातो. ९९ केलंत तर एक फोल्डर उघडतानाही २.१ वरच रखडेल. शिवाय इन्व्हर्टरवर आहोत हे डेस्कटॉपला कळत नाही, त्यामुळे लाइट आल्यावरही तसाच राहील.
बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडायच्या सेटिंग्जमध्ये) जा. 'लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट' आणि 'शॉर्ट ड्युरेशन', दोन्ही ६५ वॅट करा. काही मदरबोर्डांवर तिथे ४०९६ असतं, म्हणजे मर्यादाच नाही. इंटेलचा स्वतःचा आकडा ६५ आणि १८०. मग रेंडर लावून एचडब्ल्यूइन्फो या ॲपमध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर' (प्रोसेसर खातो ते वॅट) ६५ ला अडकते का बघा. एकदोन कोअरच्या कामाला टर्बो शाबूत राहतो.

खाडीकाठ: पण रेंडर लांबला तर वीज तेवढीच जाणार ना? लवकर संपवा, मशीन झोपवा.

सुरंगी: तेवढीच नाही. वरच्या वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात. समजा १८० वॅटवर १० मिनिटं लागली, ६५ वर १५. मॉनिटर, बोर्ड वगैरे ७० वॅट धरा. २५० वॅट गुणिले १० मिनिटं म्हणजे साधारण ४२ वॅट-तास. १३५ गुणिले १५ म्हणजे ३४. फायदा आहे, पण निम्मा नाही. आणखी खाली, ३५ वर वगैरे नेलंत तर ते ७० वॅटच जास्त वेळ जळत बसतात.

सोलकढी_तिखट: बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं? टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर गरम पाण्याने धुऊन, सुकवून व्हॅसलिन लावा. खाऱ्या हवेत हे होतंच.

हापूसवाला: पाणी ठीक आहे. मी प्रोसेसरचं विचारलं होतं.

तिरफळ: माझा प्रश्न राहिलाच. इन्व्हर्टरवर आणखी काय?

हापूसवाला: दोन पंखे, राउटर. ते काय मोजायचे?

तिरफळ: मोजायचे नाहीत तर काय! जुना पंखा ७५ वॅट, दोनाचे १५०. वर पीसीचे २५०. ४०० वॅट म्हणजे इन्व्हर्टरचा तोटा धरून १२ व्होल्टवर साधारण ४० अँपिअर. १५० एएच हा आकडा २० तासांत रिकामी करण्याचा, म्हणजे साडेसात अँपिअरचा. ४० ने ओढलीत तर तेवढी मिळतच नाही. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास खातो.

खाडीकाठ: म्हणजे धागा पंख्यांचा निघाला.

हापूसवाला: ६५ केलं. पॅकेज पॉवर तिथेच अडकतेय. पण इन्व्हर्टरचा लोड फार उतरला नाही.

सुरंगी: ग्राफिक कार्ड वेगळं आहे का?

हापूसवाला: हो, आहे. का?