मदत हवी आहे: सोलापुरात ट्रेलर अडकलाय, यजमान दवाखान्यात

नमस्कार. आम्ही दोघं कारला कॅराव्हॅन ट्रेलर (कारमागे ओढायची, आत राहायची सोय असलेली चाकांवरची खोली) जोडून तुळजापूरचं दर्शन घेऊन अक्कलकोटला निघालो होतो. सोलापूरच्या अलीकडे यांच्या छातीत एकदम कळ आली, अंग घामाने भिजलं. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, अँजिओप्लास्टी वेळेत झाली. आता बरे आहेत, पण डॉक्टरांनी इतक्यात गाडी चालवायला मनाई केली आहे.

ट्रेलर तुळजापूर रोडवर एका ढाब्याच्या आवारात उभा आहे. मालकांनी आपणहून जागा दिली, देवमाणूस! पण त्यांना किती दिवस अडवायचं? मी कार चालवते, ट्रेलर कधीच ओढलेला नाही. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग फिरवाल त्याच्या उलट तो वळतो. ती जोखीम मी आत्ता घेणार नाही. सिलिंडर बंद केलाय, फ्रीज रिकामा केलाय.

सोलापुरात ट्रेलर ठेवायला कुंपणाची, राखण असलेली जागा कुणाला माहीत आहे का? आणि तो नाशिकपर्यंत नेईल असा, ट्रेलर ओढायची सवय असलेला भरवशाचा ड्रायव्हर? यांच्यासाठी कमी तेल-मिठाचा, बिनतिखट घरगुती डबाही हवाय. शेंगा चटणीच्या या गावात तो शोधणं मला जड जातंय. कृपया लवकर कळवा.